यंत्राशी कसले इमान?

पत्त्यांच्या खेळात पाने लपवता येतात. कॅरमवर कोपर लागल्याचा बहाणा करून सोंगटी सरकवता येते. शतरंजच्या पटावर मात्र सारे उघड असते. चौसष्ट घरे, बत्तीस मोहरे आणि दोघांनाही दिसणारी एकच लढाई. त्यामुळे या खेळात लबाडीला पूर्वापार एकच सोपी वाट राहिली आहे : केलेली चाल परत घेणे. "थांबा, थांबा, माझे लक्ष नव्हते," असे म्हणत उंट पुन्हा जागेवर ठेवणारा खेळाडू प्रत्येक मोहल्ल्यात असतो. स्पर्धेच्या नियमांनी या वाटेला कुलूप घातले. चालण्यासाठी ज्या मोहऱ्याला हात लावला तोच चालवायचा, आणि हातातून सुटला की चाल पक्की.

मोबाईलमधल्या शतरंजने हे कुलूप काढून टाकले. पडद्याच्या कोपऱ्यात उलट्या बाणाचे एक बटण असते. ते दाबले की आपली चाल मागे येते, यंत्राचीही मागे येते, आणि मेलेला वजीर पुन्हा जिवंत होऊन उभा राहतो. समोरचा खेळाडू तक्रार करत नाही, कपाळाला आठी घालत नाही, पट उधळून उठून जात नाही. दहा वेळा बटण दाबा, तो दहा वेळा निमूटपणे मागे सरकतो.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. 2020 साली टाळेबंदीत शाळा बंद पडल्या आणि अभ्यासाच्या नावाने मोबाईल घराघरांत मुलांच्या हाती आला. शाळा पुन्हा उघडल्या तरी तो हातातून सुटला नाही. त्यात काही मुलांना शतरंजचा नाद लागला, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. सातवीतला एक मुलगा एकदा मधल्या सुटीत मोठ्या ऐटीत म्हणाला, "सर, काल मी मशीनला हरवले." चाली किती परत घेतल्यास, असे विचारल्यावर तो हसला. म्हणाला, "सर, मशीनला काय कळते? मी फसवले कुणाला?"

प्रश्न मुलाच्या तोंडचा आहे म्हणून तो पोरकट ठरत नाही. बेइमानी म्हणजे कुणाला तरी फसवणे. जिथे फसवला जाणारा कुणीच नाही, तिथे बेइमानी कशी होईल? आपल्याकडे गुन्ह्याचा विचार हक्काच्या अंगाने होतो. एक अल्लाहचा हक्क आणि दुसरा बंद्यांचा, ज्याला हुकूकुल इबाद म्हणतात. बंद्याचा हक्क मारला तर त्या बंद्याकडून माफी घ्यावी लागते, ही शिकवण आपण मकतबपासून ऐकत आलो. पण यंत्र काही बंदा नव्हे. त्याचा हक्क नाही, त्याला दुखत नाही, आणि त्याच्याकडून माफी मागायची म्हटली तर मागणार कशी? या हिशेबाने त्या मुलाचा युक्तिवाद बिनतोड दिसतो. तो खरोखर बिनतोड आहे का, हे पाहण्यासाठी आधी समोर बसलेले हे यंत्र आहे तरी काय, ते समजून घेतले पाहिजे.

1770 साली व्हिएन्नात वोल्फगांग फॉन केम्पेलेन नावाच्या माणसाने महाराणी मारिया तेरेसासमोर शतरंज खेळणारे एक यंत्र मांडले. लाकडी पेटी, वर पट, आणि पेटीमागे बसलेला पगडी घातलेला तुर्क. युरोपभर आणि पुढे अमेरिकेतही तो 'तुर्क' खेळला आणि भल्याभल्यांना हरवत गेला. खरी गोष्ट अशी होती, की पेटीच्या आत एक हाडामांसाचा खेळाडू दडून बसलेला असे. 1809 साली नेपोलियन या तुर्कासमोर बसला, तेव्हा त्याने मुद्दाम नियमाबाहेरची चाल केली, असे सांगितले जाते. तुर्काने मोहरा जागेवर नेऊन ठेवला. पुन्हा तसेच झाले तेव्हा मोहरा पटावरून काढून टाकला. तिसऱ्यांदा झाले तेव्हा हाताने सगळा पट उधळून दिला. बादशहाची बेइमानी यंत्राने खपवून घेतली नाही, कारण ते यंत्र नव्हतेच. आत एक माणूस होता आणि त्याला राग येत होता.

आज उलट झाले आहे. आत कुणी नाही, आणि आपणच त्याला माणूस बनवतो. काही अ‍ॅपमध्ये यंत्राला नाव दिलेले असते, चेहरा असतो, ते मध्येच एखादे वाक्य टाकून चिडवतेही. पण त्याच्या पोटात फक्त हिशेब आहे. ही चाल केली तर समोरचा काय करील, मग आपण काय करू, अशा फांद्या ते पसरत जाते आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला असलेल्या स्थितीला गुण देते. हा रस्ता अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन याने 1950 सालच्या निबंधात आखून दिला होता. 1997 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये आयबीएमच्या 'डीप ब्लू' संगणकाने जगज्जेत्या गॅरी कास्पारोवला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले, तेव्हा तो संगणक सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासत होता. त्यानंतर बारा वर्षांनी, 2009 साली, ब्यूनस आयर्सच्या एका स्पर्धेत 'पॉकेट फ्रिट्झ' नावाचा प्रोग्राम साध्या मोबाईलवर चालत होता. सेकंदाला वीस हजार स्थितीही न तपासता त्याने दहापैकी नऊ डाव जिंकले आणि एक बरोबरीत सोडवला. आज 'स्टॉकफिश'सारखा प्रोग्राम फुकट मिळतो, आणि तो साध्या मोबाईलवरही जगातल्या कोणत्याही माणसाला भारी आहे.

मग सातवीतला मुलगा त्याला हरवतो कसा? इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अ‍ॅपमध्ये 'सोपे', 'मध्यम', 'कठीण' अशा पायऱ्या असतात. सोप्या पायरीवर यंत्राला मुद्दाम कमकुवत केलेले असते. स्टॉकफिशमध्ये शून्यापासून वीसपर्यंत पायऱ्या आहेत. खालच्या पायरीवर ते चांगली चाल दिसत असूनही अधूनमधून तिच्याहून हलकी चाल निवडते. म्हणजे चाल परत घेणारा मुलगा तेवढा खोटा खेळत नाही, समोरचे यंत्रही खरे खेळत नसते. बापाने लहान मुलाशी खेळताना जाणूनबुजून घोडा मारू द्यावा, तसा हा प्रकार. फरक इतकाच, की बापाच्या हरण्यात माया असते आणि मुलगा मोठा झाला की एक दिवस बाप त्याला सरळ मात देतो. यंत्राच्या हरण्यात माया नाही. आपण अ‍ॅप बंद करून जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू.

शतरंज आपल्या समाजात नवी नाही. चतुरंग हिंदुस्थानातून इराणात गेला, तिथे चतरंग झाला, अरबांनी त्याचे शतरंज केले. 'शह', 'मात', 'वजीर', 'प्यादे' हे शब्द मराठीत इतके मुरले आहेत की ते बाहेरून आले हे आपल्याला आठवतही नाही. दहाव्या शतकाच्या आरंभी अब्बासी खलिफा अल्-मुक्तफीच्या दरबारात अस्-सूली हा नामांकित खेळाडू होता. त्याने या खेळावर किताबही लिहिली. तरीही हा खेळ दीनदारांना नेहमी खटकत आला. हनफी उलेमांनी त्याला सक्त नापसंत केले. शाफई फिकहात तो अटींवर चालवून घेतला आहे, पसंत केलेला नाही. कोकणातले आम्ही बहुतेक शाफई आणि घाटावरचे बहुतेक हनफी, त्यामुळे लग्नाकार्यात पाहुणे जमले की हा वाद आजही निघतो.

फकिहांच्या अटी मात्र विचार करायला लावतात. पैज नको. नमाज चुकायला नको. तोंडातून शिवीगाळ आणि खोट्या कसमा नकोत. आता मोबाईलवरचा डाव या अटींवर घासून पाहा. पैज नाही. भांडण नाही, कारण भांडायला कुणी नाही. कसम खायचीच गरज नाही, कारण बटण आहे. प्रेमचंदांनी 1924 साली लिहिलेली 'शतरंज के खिलाडी' ही कथा आठवावी. अवधची सल्तनत बुडत असताना मिर्झा आणि मीर खेळत बसतात, आणि शेवटी वाद पेटतो तो चाल बदलण्यावरून. तिथून गोष्ट खानदानावर जाते, तलवारी निघतात आणि दोघे एकमेकांच्या हातून मरतात. सत्यजित राय यांनी 1977 च्या चित्रपटात शेवट बदलला, तिथे दोघे पुन्हा पट मांडून बसतात. मीरसमोर मोबाईल असता तर ना वाद झाला असता ना रक्त सांडले असते. त्याने दिवसभर बटण दाबले असते.

म्हणजे यंत्र हा सर्वांत निर्मळ प्रतिस्पर्धी झाला का? वेळेची अट तेवढी अडते. माणूस समोर असला की तो कधीतरी उठतो. अजान झाली म्हणून, भूक लागली म्हणून, बायकोने हाक मारली म्हणून. दोघांपैकी एकाला तरी दुनियेची आठवण राहते. यंत्राला घर नाही, त्याला उठून कुठे जायचे नाही. रात्री दोन वाजताही ते ताजेतवाने. थांबायचे काम एकट्या आपल्यावर येऊन पडते. इमानाचेही असेच झाले आहे. पूर्वी आपल्या इमानावर समोरच्याची नजर पहारा द्यायची. आता पहारेकरी उठून गेला. आत काय आहे ते त्यामुळे उघडे पडते.

आठवीतल्या एका मुलीचे उदाहरण इथे द्यावेसे वाटते. वडील आखातात, मोबाईल अम्मीचा. रात्री कामे उरकली की तो अर्धा-पाऊण तास तिला मिळतो. ती यंत्राशी वरच्या पायरीवर खेळते आणि जवळपास रोज हरते. चाल परत घेत नाही. हरलेल्या डावाच्या चाली गणिताच्या जुन्या वहीत मागच्या बाजूने लिहून ठेवते. ते बटण का वापरत नाहीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, "सर, चाल परत घेतली तर मी कुठे हरले ते कळणार कसे?" इतके हरून वाईट नाही वाटत का, या प्रश्नावर तिने खाली मान घातली आणि म्हणाली, "वाटते ना सर. पण मशीन कुणाला सांगत नाही."

त्या मुलाचे आणि या मुलीचे उत्तर शेजारी ठेवून पाहावे. मशीनला कळत नाही, म्हणून त्याने सूट घेतली. मशीन कुणाला सांगत नाही, म्हणून तिला हरण्याचे धैर्य आले. तोच एकांत, तेच यंत्र, तेच बटण. दोघांमध्ये फरक आहे तो नियतीचा नव्हे, नियतीच्या या मराठी अर्थाचा तर मुळीच नव्हे. आम्ही उर्दूतली 'नीयत' म्हणतो. त्याला जिंकल्याचे नाव हवे होते. तिला स्वतःचा खरा हिशेब हवा होता.

यावरून त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर देता येते. यंत्राला फसवता येत नाही, हे कबूल. पण डाव संपल्यावर दोन माणसे उरतात. एक म्हणजे ज्याच्यापुढे तो "मी हरवले" असे सांगतो तो दोस्त. तिथे फसवणूक सरळ आहे, बंद्याचा हक्क मारलेला आहे. समजा, त्याने कुणालाच सांगितले नाही. तरीही एक ऐकणारा उरतोच, तो स्वतः. आज त्याला ठाऊक आहे की सात चाली परत घेतल्या होत्या. महिन्याने चाली विसरल्या जातात आणि 'मी जिंकलो' तेवढे लक्षात राहते. आपल्या नफ्साचाही आपल्यावर हक्क असतो, असे बुजुर्ग सांगत आले. त्या हक्कात पोटाला अन्न आणि डोळ्याला झोप येते, तसे स्वतःविषयीचे खरे ज्ञानही यायला हवे. जो स्वतःला स्वतःची खोटी बातमी देतो, तो हा हक्क मारतो.

कुणी म्हणेल, एवढ्याशा खेळाचा केवढा बाऊ! थकलाभागला माणूस दोन घटका मन रमवतो, त्यालाही तराजूत घालायचे काय? ही हरकत रास्त आहे. ते बटण वाईट नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. शिकणाऱ्याने चाल परत घेऊन दुसरी करून पाहिली, मग तिसरी करून पाहिली, तर तो अभ्यास झाला. पाटीवर चुकले की पुसून लिहावे, तसेच ते. मनोरंजनासाठी कुणी सोपी पायरी लावून घोडे नाचवले, तरी त्यात गैर नाही. फक्त त्याला अभ्यास म्हणावे, करमणूक म्हणावे. विजय म्हणू नये. परीक्षेत पुस्तक उघडून उत्तर पाहणे आणि घरी पुस्तक उघडून उत्तर शोधणे या दोन्हीत पुस्तक एकच असते, हे आम्हा शिक्षकांना वर्गात रोज समजावून सांगावे लागते.

या भेदाचा विसर पडला की काय होते, ते मोठ्या स्पर्धांत दिसले आहे. 2015 साली दुबईच्या खुल्या स्पर्धेत एक ग्रँडमास्टर डावाच्या मध्येच वारंवार स्वच्छतागृहात जात होता. तिथे लपवलेला मोबाईल सापडला आणि त्याच्यावर तोच डाव मांडलेला होता. 2019 साली फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला दुसरा एक ग्रँडमास्टर अशाच रीतीने पकडला गेला. ज्या यंत्राशी सराव करायचा, त्यालाच त्यांनी आपल्या जागी बसवले. तिथे समोर माणूस होता, म्हणून गुन्हा सर्वांना दिसला. एकांतात असा डाव झाला तर तो दिसत नाही, एवढेच.

आता यंत्राच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, आणि आमच्या मते ती सर्वांत वजनदार आहे. यंत्र कुणाला विचारत नाही, तू कोण? मीर सुलतान खान हा पंजाबातला गरीब माणूस सर उमर हयात खान यांच्या पदरी होता. देशी रीतीची शतरंज शिकलेला. इंग्लंडात नेल्यावर त्याने 1929, 1932 आणि 1933 अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदे जिंकली, हेस्टिंग्जच्या 1930-31 च्या स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. नंतर तो गावी परतला आणि 1966 साली वारला. जागतिक संघटनेने त्याला मानाची ग्रँडमास्टर पदवी दिली ती 2024 साली, मृत्यूनंतर 58 वर्षांनी. माणसांच्या दुनियेत मालक कोण, भाषा कोणती, रंग कोणता हे आधी पाहिले जाते. यंत्र फक्त चाल पाहते. आमच्या त्या विद्यार्थिनीलाही ते मुलगी म्हणून वगळत नाही, मोहल्ल्याचे नाव विचारत नाही.

पण यंत्र सर्वांना समान वागवते ते कुणालाच पाहत नाही म्हणून. त्याला सुलतान खान आणि स्वच्छतागृहात मोबाईल लपवणारा, दोघे सारखे. बरोबरीची वागणूक आणि दखल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरल्यावर समोरच्याशी हात मिळवून "चांगले खेळलात" असे म्हणणे कठीण असते, आणि जिंकल्यावर समोरच्याचा पडलेला चेहरा पाहून आवाज खाली ठेवणे त्याहून कठीण. हे दोन धडे यंत्राजवळ नाहीत. ते माणसाकडूनच मिळतात.

मग त्या मुलीला माणूस का मिळाला नाही? मुले मशिदीजवळच्या कट्ट्यावर पट मांडतात, तिथे ती जाऊ शकत नाही. घरात खेळणारे कुणी नाही. शाळेत खेळाचा तास मैदानावरच्या मुलांसाठी. 2025 साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली, तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या वस्तीतली मुलगी रात्री अम्मीच्या मोबाईलवर एकटीच हरत बसते, कारण आपण तिच्यासमोर कुणाला बसवलेले नाही. यंत्र तिचा गुरू झाले ही यंत्राची चूक नाही. ती जागा आपण रिकामी ठेवली होती.

म्हणून पालकांना आणि आमच्या पेशातल्या भाऊ-बहिणींना एक विनंती. मोबाईल हिसकावून घेऊ नका. तो चांगला तालीमखाना आहे. मुलाने जिंकल्याचे सांगितले तर शाबासकी द्या, आणि बटण किती वेळा दाबले तेही प्रेमाने विचारा. मग बाजारातून दीडदोनशे रुपयांचा पट आणा आणि स्वतः समोर बसा. खेळ येत नसेल तर मुलाकडून शिका. मुलीला आधी बोलवा. हात लावला तर चाल, हा नियम दोघांनाही लागू ठेवा, वडीलधाऱ्यांना सूट नाही. हरलात तर हात पुढे करा. मुलाला त्या हातातून जे कळेल, ते त्या पडद्यावर नाही.